यीस्ट आणि प्रयास : एका जुन्या जर्मॅनिक शब्दाचं माहेर

शब्दवेल्हाळ

नमस्कार मंडळी,

मानहाइमला येऊन मला सहा वर्षं झाली. इथे दुकानात दूध-लोण्याच्या कपाटातच ताज्या यीस्टचे छोटे ठोकळे मिळतात. 42 ग्रॅमचा एक, पिवळसर पांढरा, बोटाने दाबला की ओल्या खडूसारखा भुगा होतो. वेष्टनावर लिहिलेलं असतं 'हेफे'. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अडखळलो होतो. इंग्रजी आणि जर्मन या सख्ख्या बहिणी. वॉटरला वासर, ब्रेडला ब्रोट, मिल्कला मिल्ख. मग यीस्टला 'हेफे' कसं काय? यीस्टचा जुळा भाऊ जर्मनमध्ये गेला कुठे?

तो सापडला समुद्रावर. गेल्या शरदात आम्ही उत्तरेला नॉर्थ सीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. वारा इतका की उभं राहवेना. लाटा फुटत होत्या आणि त्यांच्या डोक्यावरचा फेस उडून थेट तोंडावर येत होता. सोबतच्या जर्मन मित्राने चष्मा पुसत सहज म्हटलं, "हा गिश्ट बघ!" गिश्ट म्हणजे लाटेवरचा उसळता फेस, तुषार. घरी आल्यावर शब्दकोश उघडला आणि तिथेच तासभर बसून राहिलो. गिश्ट हाच यीस्टचा हरवलेला भाऊ!

जुन्या इंग्रजीत हा शब्द 'यिस्ट' असा उच्चारत. लिहिताना सुरुवातीला 'ग'चं अक्षर असे, पण पुढे इ-ए आला की त्याचा उच्चार 'य' व्हायचा. डच लोक आजही यीस्टला 'खिस्त' म्हणतात, स्वीडिश लोक 'येस्ट', आणि जुन्या नॉर्समध्ये तो होता 'योस्त्र'. हे सगळे शेजारी शेजारी ठेवून भाषाशास्त्रज्ञ मागे जातात, तेव्हा आद्य जर्मॅनिकमधलं, म्हणजे या सगळ्या भाषांच्या पूर्वज भाषेतलं, रूप येतं 'येस्तुझ्' किंवा 'येस्तझ्'. दोन्ही मांडण्या अभ्यासात आढळतात. हे रूप कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही. लेकरांच्या चेहऱ्यावरून आजीचा चेहरा ओळखावा, तसं ते काढलेलं आहे.

आता त्याच्याही मागे. मूळ इंडो-युरोपीय धातू 'येस्', अर्थ उकळणं, फसफसणं, फेसाळणं. ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या या 'य'चा 'झ' झाला, म्हणून तिथे 'झेओ' म्हणजे 'मी उकळतो'. हा योगायोग नाही हे एका ओळखीच्या शब्दावरून पटतं. आपलं 'युग' (मूळ अर्थ बैलांचं जू), इंग्रजी 'योक', ग्रीक 'झुगॉन'. आपला 'यव', ग्रीक 'झेया'. य, य, झ. वेल्शमध्ये 'यास' म्हणजे उकळी, आणि अंगावरचा शहाराही. मध्य आशियात वाळूखाली गाडल्या गेलेल्या तोखारी भाषेतही 'यस्' म्हणजे उकळणंच.

आणि संस्कृत? मूळ 'ए'चा संस्कृतात 'अ' होतो. तेव्हा 'येस्'चं संस्कृत रूप 'यस्' असायला हवं. तसा धातू आहेच: यस्, यस्यति. त्यातूनच आयास, प्रयास, आणि आपण मराठीत रोज वापरतो तो सायास.

मी हे वाचलं तेव्हा ओट्यावर पीठ फुगत ठेवलं होतं. कापड बाजूला करून पाहिलं. वर बुडबुडे येत होते, एक फुटला की शेजारी दुसरा. यीस्ट आणि प्रयास एका धातूचे, हे मला त्या बुडबुड्यांत दिसलं.

मला सांगायचं आहे ते एवढंच की हा शब्द वस्तूचं नाव नाही. ज्या माणसांनी तो घडवला त्यांना यीस्ट दिसतच नव्हतं. त्यांना दिसत होता फेस, आणि त्यांनी फेसालाच नाव दिलं. लेव्हेनहुकने आपल्या भिंगातून यीस्टचे गोळे पाहिले ते 1680 मध्ये. ते सजीव आहेत हे कान्यार द ला तूर आणि श्वान यांनी 1837 च्या आसपास मांडलं, आणि त्यावरचा वाद पास्तरने 1857 पासूनच्या कामातून बराचसा निकालात काढला. तोवर हजारो वर्षं माणसं भाकरी आणि बिअर करत होती. बव्हेरियाचा 1516 चा प्रसिद्ध बिअर-कायदा तीनच घटक सांगतो: सातू, हॉप्स (बिअरला कडसर चव देणारी फुलं) आणि पाणी. यीस्टचं नावच नाही.

संस्कृत जाणणाऱ्यांनी कृपया भर घालावी. 'प्रयत्न करणे' आणि 'उकळणे' यांची सांगड कशी बसते, हे मला नीट उलगडलेलं नाही.

---

नवखी बेकर

फार सुंदर धागा! मी दोन वर्षांपासून घरी पाव करते, पण शब्दाकडे असं कधी पाहिलं नव्हतं. दोन शंका. 'यश' यातलाच का? आणि 'जोश'? जोश म्हणजे फारसीत उकळीच ना?

---

शब्दवेल्हाळ

धन्यवाद! 'यश' यातला नाही. त्यातला श तालव्य आहे, तो वेगळ्या मूळ ध्वनीतून येतो. 'यस्'मधला स दंत्य आहे. कानाला जवळचे वाटले तरी ही दोन वेगळी घराणी आहेत. 'जोश'चा मूळ अर्थ उकळी हे अगदी बरोबर, पण त्यातला 'ओ' हा 'येस्'च्या स्वराशी जुळत नाही, म्हणून मी त्याला या पंगतीत बसवत नाही. अर्थ जुळला आणि ध्वनी जुळला नाही, तर नातं मानायचं नाही, हा नियम पाळावाच लागतो. नाहीतर कुठलाही शब्द कुठूनही काढता येईल.

---

धातुपाठ

शब्दवेल्हाळ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऋग्वेदातच आहे. पाणिनीच्या धातुपाठात, म्हणजे धातूंच्या यादीत, 'यसु प्रयत्ने' असा हा धातू दिवादिगणात (त्या यादीतल्या एका गटात) येतो, म्हणजे तिथवर येताना उकळी विसरली गेली होती. पण तिसऱ्या मंडलातलं 53 वं सूक्त काढा, बाविसावी ऋचा, दुसरी ओळ:

"उखा चिदिन्द्र येषन्ती प्रयस्ता फेनमस्यति"

उखा म्हणजे शिजवायचं मातीचं भांडं. 'हे इंद्रा, उकळणारी, उतू चाललेली उखा जशी फेस फेकते तसा तो...' असा अर्थ. यात दोन शब्द बघा. 'येषन्ती' म्हणजे उकळणारी. तो या 'यस्'चाच जुना विस्तार. आणि 'प्रयस्ता'! ज्याला आपण प्रयास म्हणतो त्याचंच हे भूतकाळवाचक रूप. इथे अर्थ कष्टाचा नाही, 'जास्त तापून बाहेर उसळलेली' असा शब्दशः आहे. आणि लगेच पुढचा शब्द 'फेन'. म्हणजे उकळी, उतू जाणं आणि फेस हे तिन्ही एका ओळीत आहेत.

उकळीतून कष्ट कसे आले हेही यावरून दिसतं. आधी भांडं तापतं, मग माणूस तापतो, धापा टाकतो, तोंडाला फेस येतो. मराठीत आजही 'काम करून तोंडाला फेस आला' म्हणतो आपण. वेगळं काही सांगायलाच नको.

अवांतर : हे सूक्त विश्वामित्राच्या घराण्याचं आहे आणि त्याच्या शेवटच्या ऋचा वसिष्ठांच्या विरुद्ध मानल्या जातात. निरुक्तावर (वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या जुन्या ग्रंथावर) टीका लिहिणाऱ्या दुर्गाचार्याने यातल्या एका ऋचेचा अर्थ सांगायचं नाकारलं आहे, कारण तो स्वतः वसिष्ठगोत्री होता! परंपरेने वसिष्ठांच्या घरात या ऋचा ऐकायच्या नसतात. आमच्या घरी गोत्र वेगळं, म्हणून मला त्या शिकायला मिळाल्या.

---

शब्दवेल्हाळ

धातुपाठ, मी ही ओळ मोठ्याने चार वेळा वाचली. 'प्रयस्ता फेनमस्यति'. एवढ्या थेट पुराव्याची मी अपेक्षाच केली नव्हती. जर्मनीच्या किनाऱ्यावरचा गिश्ट आणि ही उखा, दोन्हीकडे फेसच. मनापासून आभार.

---

अश्मयुग

भूविज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून एक भर. तुम्ही लिहिलेलं ग्रीक 'झेओ' आपल्या सह्याद्रीत आहे!

1756 मध्ये क्रोन्स्टेट नावाच्या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने एक खनिज तापवलं तेव्हा त्यातून वाफ सुटून ते उकळल्यासारखं फसफसलं. त्याने नाव दिलं 'झिओलाइट', झेओ आणि लिथॉस, म्हणजे उकळणारा दगड. या खनिजांच्या स्फटिकात पोकळ जाळी असते आणि तिच्यात पाणी अडकलेलं असतं, तेच तापल्यावर बाहेर पडतं. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात लाव्हा थिजताना जे बुडबुडे राहिले त्यांच्या पोकळ्यांत ही खनिजं वाढली आहेत. पुणे, नाशिक, जळगाव परिसरातले स्टिलबाइट आणि ह्यूलँडाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात पाहता येतात. विहीर खणताना निघालेला एक गुलाबी स्टिलबाइट माझ्या टेबलावर आहे. मोराच्या पिसाऱ्यासारखी पानं उघडलेली. आज त्याच्याकडे पाहून यीस्ट आठवलं.

आणि हो, त्वचेचा 'एक्झिमा' सुद्धा यातलाच. ग्रीकमध्ये 'एक' म्हणजे बाहेर. उकळून बाहेर आलेलं.

---

नवखी बेकर

अश्मयुग, पिसाऱ्याचा फोटो टाकाच!

मला अजून एक कळलं नाही. जर्मनमध्ये यीस्टला हेफे का म्हणतात मग? आणि डॅनिश पाककृतीत मी 'गेअर' असं काहीतरी वाचलं होतं, तो तिसराच शब्द की काय?

---

शब्दवेल्हाळ

गेअर हा तिसरा शब्द नाही, तोही 'येस्'च. फक्त स चा र झाला आहे. नॉर्वेत 'येअर', जर्मनमध्ये आंबण्याच्या क्रियेला 'गेरन'. आपल्याला स-र ची अदलाबदल नवी नाही: निस् + आशा = निराशा, दुस् + गुण = दुर्गुण. कारणं अगदी तीच नाहीत, पण कान सरावलेला आहे.

जर्मॅनिकमध्ये हा स कुठे टिकतो आणि कुठे र होतो, याचा नियम कार्ल व्हर्नर या डॅनिश तरुणाला 1875 च्या सुमारास सापडला. आणि तो सापडला वैदिक स्वरांमुळे! 'भ्रातर्' मध्ये उदात्त, म्हणजे उंच स्वर, पहिल्या अक्षरावर, 'पितर्' मध्ये दुसऱ्यावर. हाच नियम त लाही लागतो: जर्मॅनिकमध्ये या दोन शब्दांतला त वेगवेगळा का बदलला, हे कुणाला सुटत नव्हतं. उत्तर आपल्या वेदपाठकांनी जिभेवर जपलेल्या उदात्तात होतं. हे मला प्रत्येक वेळी नव्याने भारावून टाकतं.

आता हेफे. जुन्या जर्मॅनिकमध्ये उचलणं या अर्थाचा 'हाबयान' धातू होता, इंग्रजी 'हीव्ह' तोच. हेफे म्हणजे 'वर उचलणारं'. आपण इडलीचं पीठ सकाळी बघून काय म्हणतो? 'पीठ वर आलंय.' तीच नजर. फ्रेंच 'लव्हॅं', म्हणजे आंबवण, हाही 'लव्हे', म्हणजे उचलणं, यावरूनच.

सगळ्यात जुना लेखी पुरावा मात्र या दोन्हींचा नाही. चौथ्या शतकात वुल्फिलाने गॉथिक भाषेत बायबल आणलं. त्यात आंबवणाला शब्द आहे 'बीस्त'. तो चावणं या धातूशी जोडतात, म्हणजे चावरं, झोंबरं. त्या धातूचं संस्कृत रूप 'भिद्'. भेद, भेदक. एकाला फेस दिसला, दुसऱ्याला उचल, तिसऱ्याच्या जिभेला चावा जाणवला.

---

फ्योर्डकाठची

मी पश्चिम नॉर्वेत राहते, मूळची साताऱ्याची. इथला चौथा शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही: 'क्वाइक'.

व्हॉस आणि हार्डांगर भागातल्या शेतघरांत घरची बिअर करायची जुनी रीत आहे. तिच्या यीस्टला तिथल्या बोलीत क्वाइक म्हणतात. हे यीस्ट 40 अंशांपर्यंतच्या गरम रसातही (बिअरसाठी धान्यापासून काढलेल्या गोड पाण्यातही) निवांत काम करतं, जिथे नेहमीचं बिअरचं यीस्ट बिघडतं. साठवायची पद्धत तर बघण्यासारखी. लाकडाचे छोटे तुकडे एकमेकांत अडकवून केलेलं कडं असतं. ते फसफसणाऱ्या बिअरमध्ये बुडवायचं, फेस भरून घ्यायचा आणि टांगून वाळवायचं. पुढच्या खेपेला तेच कडं नव्या रसात टाकायचं. एका स्थानिक संग्रहालयात मी असं कडं पाहिलं. सांध्यांमध्ये वाळलेल्या ताकासारखा करडा थर होता. 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी या यीस्टचे जनुक तपासले तेव्हा ते एक वेगळंच कुटुंब निघालं.

शब्द आला आहे जुन्या नॉर्स 'क्वेइक्या'वरून: पेटवणं, चेतवणं. त्याच्या मुळाशी 'क्विक्र', म्हणजे जिवंत. इंग्रजी 'क्विक'चा जुना अर्थही जिवंतच. आणि संस्कृतात त्याचा सख्खा भाऊ म्हणजे 'जीव'.

माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी सकाळी चूल विझलेली असली तर शेजारून गोवरीवर विस्तव आणायचा. आणि विरजण संपलं तर तेही शेजारूनच, वाटीत. दोन्ही घेऊन येताना वाटेत कुणाशी बोलत थांबायचं नाही. इथल्या म्हाताऱ्या माणसांकडूनही ऐकलं की क्वाइक मेलं तर शेजाऱ्याकडून आणायचं. म्हणून मला या शब्दात पेटवणं आणि जीव हे दोन्ही अर्थ एकत्र येणं परकं वाटलंच नाही.

---

सुरंगीचा वळेसार

गोव्याहून. फेसाचा विषय निघालाय तर पोदेराची, म्हणजे आमच्या पाववाल्याची, आठवण व्हायलाच हवी.

1510 नंतर पोर्तुगीज इथे स्थिरावले, त्यांना पाव हवा होता, पण इथे त्यांच्याकडचं आंबवण मिळेना. मग माडाची सूर (माडी) वापरायला सुरुवात झाली. सूर झाडावरून काढली तेव्हा गोड असते, पण मडक्यात आणि हवेत यीस्ट असतंच, काही तासांत ती फेसाळते. ती पिठात घातली की पीठ फुगतं. आमच्या सान्नांही तशाच, तांदळाच्या पिठात सूर घालून. लहानपणी रेंदेर, म्हणजे सूर काढणारा, सूर घेऊन यायचा तेव्हा त्याच्या मडक्याच्या तोंडाशी पांढरा फेस जमलेला असे आणि कान लावला तर आत बारीक सूं सूं ऐकू येई. आता बहुतेक भट्ट्यांत तयार यीस्ट असतं, आणि सुरेच्या पावाचा तो किंचित आंबूस वास फार थोड्या ठिकाणी येतो. मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

युरोपातही बेकर यीस्ट बिअरवाल्याकडूनच आणत असत ना? म्हणजे आमच्या रेंदेर-पोदेरासारखंच?

---

शब्दवेल्हाळ

अगदी तसंच! इंग्लंडमध्ये बिअरच्या पिंपावर जो फेस येई त्याला 'बार्म' म्हणत आणि बेकर तो काढून नेत. हा पाचवा जुना जर्मॅनिक शब्द. लॅटिन 'फर्मेंटुम' त्याच्याच घराण्यातला, तिथेही अर्थ उसळणं, उकळणं. लँकेशायरमध्ये गोल पावाला अजूनही 'बार्म केक' म्हणतात. दाबून ठोकळे केलेलं यीस्ट 19 व्या शतकात कारखान्यांतून येऊ लागलं, तेव्हा कुठे बेकरची ही ये-जा सुटली.

रेंदेराच्या मडक्याला कान लावल्याचं वाचून आज पिठाच्या भांड्याला कान लावला. ऐकू येतं!

---

धातुपाठ

आपल्याकडच्या शब्दाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. संस्कृतात आंबवणाला 'किण्व', त्यावरून आपल्या पाठ्यपुस्तकातलं किण्वन. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या (मद्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) प्रकरणात किण्व करण्याची कृती दिली आहे: उडदाची पिठी एक द्रोण, तिच्यापेक्षा एक तृतीयांश जास्त तांदूळ, आणि मोरटा वगैरे वनस्पती कर्षभर (द्रोण आणि कर्ष ही जुनी मापं). उडीद आणि तांदूळ! वापर सुरेसाठी, पण जोडी आपल्या डोशाचीच.

घरात मात्र आपण किण्व म्हणत नाही. 'खमीर' अरबीतून फारसीमार्गे आलं. आपला घरचा शब्द आंबवण, आंबणं, तो 'अम्ल'वरून. म्हणजे आपण ना फेसाला नाव दिलं ना उचलीला, चवीला दिलं.

---

नवखी बेकर

जर्मनमध्ये आंबट पिठाला 'झाउअरटाइग' म्हणतात ना, म्हणजे त्यांच्याकडेही चवीचा शब्द आहेच की.

माझ्याकडे गव्हाच्या पिठाचं आंबवण आहे, दीड वर्ष झालं, रोज थोडं काढून तेवढंच पीठ-पाणी घालते. आज सकाळी बरणीचं झाकण उघडलं तर फेस अगदी काठापर्यंत येऊन एका बाजूने खाली ओघळला होता. ओटा पुसायच्या आधी ती ओळ म्हणून पाहिली, उखा चिदिन्द्र. धातुपाठ, 'येषन्ती'त उदात्त कुठे येतो?

---

धातुपाठ

पहिल्या अक्षरावर. ये॑ नव्हे बरं का; ती उभी रेघ स्वरिताची, म्हणजे उतरत्या स्वराची. उदात्त अक्षरावर चिन्हच नसतं, त्याच्या पुढच्यावर रेघ येते. आवाजाची फीत करून उद्या इथे देतो.